माझ्या टेबलावरून परत गेलेलं मत

माय, गेला महिनाभर मी दारोदार तुझ्याबद्दल खोटं सांगत फिरते आहे. हे आधीच लिहून टाकलं, कारण मागाहून सांगायचं ठरवलं तर मी ते सांगणार नाही, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. तुला जाऊन वीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, आणि साऱ्या तालुक्याला साक्षर करायला निघालेल्या मला तुझ्या हातात पाटी द्यायला कधी सवड झाली नाही. तेव्हा हे पत्र कोणासाठी, असं कोणी विचारलं तर मी गप्प बसेन. पण आज हिंगोलीच्या या घरात मला बसवत नाही. सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा अर्धा ठेवून उठले. कुंड्यांना दोनदा पाणी घातलं. फोन पालथा घालून ठेवलाय, तरी तो टेबलावर थरथरतो आहे. शेवटी मतदार यादीचे जास्तीचे कागद पडले होते, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

जिल्हा परिषदेची निवडणूक आहे, तीन दिवसांनी मतदान. आपली वाडी ज्या गटात येते तिथून आमच्या बाजूने माझीच एक विद्यार्थिनी उभी आहे. आठवीत फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून तास संपेपर्यंत माझ्याशीच भांडली होती, तेव्हाच मी ओळखलं होतं की ही पोर पुढे कुठेतरी उभी राहणार. औंढ्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, ती नोकरी सोडून आली. घरी दोन लेकरं आहेत, आणि सासरची माणसं "आता कळलं का?" असं म्हणायला टपून बसली आहेत. आमची बाजू म्हणजे तुला माहीत आहे तीच. समतेची गाणी, शिबिरं, मोर्चे, आणि निकालाच्या दिवशी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून "लढलो तर खरं" असं म्हणणं. या खेपेला मात्र जिंकता येईल असं वाटतं आहे, आणि ते आपल्या वाडीवर आणि शेजारच्या दोन-तीन वाड्यांवर अडलं आहे. नेमकं सांगायचं तर तिथल्या बायांवर.

त्या बाया रुसल्यात असं आमच्यातले लोक म्हणतात. रुसणं हा शब्द फार गोड झाला. त्या आम्हाला विटल्यात. मागच्या निवडणुकीच्या आधी बायांच्या खात्यावर पैसे आले, आणि बऱ्याच जणींनी पैसे देणाऱ्यांना मतं दिली. निकाल लागल्यावर आमच्याच माणसांनी मोबाईलवर लिहिलं, की बाया विकल्या गेल्या, अडाणी त्या अडाणीच. आमच्या लोकांना वाटतं वाडीवर कोणी मोबाईल वाचत नाही. नाती वाचतात, माय. चुलीपुढे बसून मोठ्याने वाचतात आणि आज्या ऐकतात. या खेपेला प्रचाराची पहिली फेरी वाडीवर गेली तेव्हा एका बाईने दारातूनच सांगितलं, "आमी मत दिलं तरी इकलेले, न्हाई दिलं तरी अडाणी. मंग काहून तकलीफ करायची? ना तुमाला देत, ना त्यायला. आमी येतच न्हाई." त्यानंतर आमच्या पत्रकाची घडीसुद्धा कोणी उघडली नाही.

म्हणून पुण्याहून एक पोरगी आली, आम्हाला शिकवायला. तिशीसुद्धा गाठलेली नसेल. गोड आहे, मेहनती आहे, उन्हात आमच्या बरोबरीने चालते आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागून घेते. हिंगोलीत एका मंगल कार्यालयात तिने आमचं शिबिर घेतलं. म्हणाली, मुद्दे पटवायला जाऊ नका. चूक काढू नका. आधी विचारा, मग ऐका, पुरतं ऐका, आणि शेवटी स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट सांगा. माणसाचं मन माणसामुळे हलतं, पत्रकामुळे नाही. मी तीस वर्षं शाळेत आणि शाळेबाहेर नाकाने कांदे सोलत आले. तरी मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग तिने एकेकाला उभं करून आपापली गोष्ट सांगायला लावली. एकाने बापाच्या आजारपणाची सांगितली, एकाने कोरड्या गेलेल्या बोअरची. माझी पाळी आली, मी तोंड उघडलं आणि तू बाहेर आलीस.

मी सांगितलं, माझी माय मेंढरामागची बाई. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याच्या कडेला तळ पडलेला असताना मतदानाच्या दिवशी ती सकाळी लवकर निघाली, चालत वाडीच्या शाळेपर्यंत आली, रांगेत उभी राहिली आणि शिक्का मारून परत मेंढरांकडे गेली. एवढंच सांगितलं होतं, देवाला मानत नसले तरी देवाशपथ. पोरगी म्हणाली, "ताई, हीच गोष्ट." मग दारोदार सांगताना ती वाढत गेली. शिरड शहापूरला तू अनवाणी झालीस. तू कधीच अनवाणी चालली नाहीस, तुझ्या पायात टायरच्या वहाणा असायच्या, आणि त्या जागेवर सापडल्या नाहीत तर तू सगळा तळ डोक्यावर घ्यायचीस. पुढच्या गावात तुझ्या काखेत एक आजारी कोकरू आलं. कनेरगाव नाक्याकडून मदतीला आलेल्या आमच्या माणसांनी गोष्ट उचलली, ते आता तिकडे "आमच्या एका ताईची माय" म्हणून सांगतात. आणि एका संध्याकाळी बाया मन लावून ऐकताहेत हे बघून माझ्या तोंडून गेलं, की मत देऊन बाहेर आल्यावर माय म्हणाली, "आज मी आन मालक बराबर झालो." हे तू कधी बोलली नाहीस. वाक्य माझं आहे, आणि वाक्य चांगलं आहे. त्या वाक्यावर दोन घरं आमच्याकडे वळली, असं पोरीच्या वहीत लिहिलेलं आहे.

आता तो मतदानाचा दिवस खरा कसा गेला ते. शाळेच्या कुंपणापासून लांब, लिंबाच्या झाडाखाली दोन टेबलं आहेत, एक मालकाच्या माणसाचं आणि एक आमचं. आमच्या टेबलावर मी बसले आहे. एकवीस वर्षांची, वाडीतून कॉलेजात गेलेली पहिली पोर, खांद्याला झोळी आणि डोक्यात साऱ्या जगाच्या प्रश्नांची उत्तरं. येईल त्याचं नाव यादीत शोधायचं आणि चिठ्ठी लिहून द्यायची, हे माझं काम. मालक म्हणजे ज्याच्या वावरात आपली मेंढरं बसायची तो. मेंढरांचं खत त्याच्या रानाला आणि त्याची ज्वारी आपल्याला, असा तो व्यवहार होता. त्या वर्षी उभा होता तो त्याचाच माणूस. आदल्या दिवशी त्याने बायांना लुगडी वाटली, हे मला ठाऊक नव्हतं. दहाच्या सुमारास वाटेने बाया आल्या आणि मी बघतच राहिले. सगळ्यांची लुगडी हिरवी, सगळ्यांचे काठ लाल, शाळेपुढची रांगच्या रांग एका ताग्यातून फाडून काढल्यासारखी. त्यांच्यात तू होतीस. तू रांगेकडे न जाता माझ्या टेबलाशी आलीस आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केलास. मी तुझ्या अंगावरच्या लुगड्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एका लुगड्यात इकली गेलीस व्हय, माय? लाज न्हाई वाटली?" पलीकडच्या टेबलावरचे पुरुष हसले. तुझा हात क्षणभर तसाच राहिला. मग तू तो मागे घेतलास, पदर सारखा केलास, मागे उभ्या असलेल्या काकीला म्हणालीस, "मेंढरं एकलीच हायेत," आणि आल्या वाटेने निघून गेलीस.

दुपारी मला शेजारच्या गावच्या टेबलावर पाठवलं. मी नसताना तू परत येऊन मत देऊन गेली असशील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तुला विचारलं नाही. मला त्या दिवसांत फार कामं होती. आम्ही हरलो, आणि सगळं खापर लुगड्यांवर फोडून मोकळे झालो.

पुढे मला नोकरी लागली. बा गेल्यावर तू काकीच्या लेकाकडे मेंढरं सोपवून हिंगोलीला माझ्याकडे राहायला आलीस. निवडणूक म्हटलं की आम्हा शिक्षकांना ड्युटी असायचीच. पहाटेचं स्वयंपाकघर आठवतं. ओट्यावर उभं राहून भाकरी होत नाही म्हणून तू शेगडी खाली फरशीवर उतरवून घेतलेली, समोर पाट टाकून बसलेली. दोन ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि एक कांदा, हे सगळं तू जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधतेस, डबा दिला तरी धडप्यातच. मी सांगते, "माय, तुझं नाव आता इथल्या यादीत आहे. समोरच्याच शाळेत जायचंय, नुसता रस्ता ओलांडायचा." तू म्हणतेस, "जाईन ना. तू जा, तुला उशीर होऊन राहिला." दिवसभर मी कुठल्या तरी गावात अनोळखी माणसांच्या बोटांना शाई लावते, पेट्या जमा करून घरी येते आणि आधी तुझं बोट बघते. कोरडं. कधी गुडघा धरला होता, कधी दूधवाला यायचा होता, कधी तुला आठवणच राहिली नाही. एकदा मी चिडून म्हणाले, की मत न देणं हा गुन्हा आहे, तुमच्यासारख्यांमुळेच देश असा राहिला. तू पातेलं घासत होतीस. "व्हय बाई," म्हणालीस, "आमच्यामुळंच," आणि पातेलं जरा जोरात घासलंस. मला वाटलं, तुला पटलं.

परवा आम्ही वाडीवर गेलो. बाया हळदीच्या वावरात होत्या. काढलेल्या हळदीच्या ढिगाभोवती बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होत्या, हात मनगटापर्यंत पिवळे. मधोमध काकी, तुझी धाकटी जाऊ. आता ती कंबरेत वाकली आहे, तोंडात दात उरले नाहीत, पण कामात सुनांना मागे टाकते. माझी समजूत होती की तिला आताशा कमी ऐकू येतं. पोरगी वही घेऊन माझ्या शेजारी बसली. मी आधी विचारलं, मग ऐकलं, शिबिरात सांगितलं तस्सं. बाया पाण्याचं बोलल्या, रेशनच्या अंगठ्याचं बोलल्या, मोबाईलवर कोणी काय लिहिलं ते तर शब्दन् शब्द बोलल्या. मग मी माझी गोष्ट काढली. अनवाणी पाय, कोकरू, सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा दोघी-तिघींचे हात थांबले. एक सून पिवळ्या हाताने डोळे पुसायला गेली आणि लक्षात आल्यावर दंडाने पुसले. काकी मात्र मान खाली घालून हळद मोडत राहिली. मी मनात म्हणाले, बरं झालं, तिला ऐकू गेलं नाही.

निघताना ती माझ्याबरोबर बांधापर्यंत आली. पोरगी पुढे गाडीकडे गेली होती. बाभळीखाली पाण्याची घागर होती, तिथे काकी टेकली, तांब्या भरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुह्या मायचं ते कोकरू कोण्या रंगाचं व्हतं गं?"

मी खाली बांधाच्या मातीकडे बघितलं.

"लोकायपुढं इचारलं न्हाई म्या," ती म्हणाली. "लोकायपुढं कुणाला खाली पाहायला लावू न्हाई. घे, पाणी पी."

मी पाणी प्याले, दुसरं काही करताच येत नव्हतं. मग ती सांगत गेली, आवाज न चढवता, जणू काल-परवाचं काही सांगावं. "मेंढरं काही एकली न्हवती. तुहा बा व्हता ना मेंढराजवळ. ती दुपारून बी आली न्हाई, मागून कवाच आली न्हाई. पुढच्या खेपेला म्या बलावलं तं म्हणली, तू जा, मला नगं ते टेबल."

"मग लुगडं घेतलं काहून तिनं?" मी विचारलं. माय, साठीला आले तरी त्या आवाजात ती एकवीस वर्षांची पोर अजून होती. मला माझाच आवाज ऐकू आला आणि कानशील तापलं.

काकी हसली, बिनदाताचं. "न घिऊन कसं जमतं, पोरी? चार महिने त्याच्याच वावरात मेंढरं बसायची. त्यानं पुढं केलं, आमी घेतलं. नेसलो बी. नवं व्हतं, काहून नेसू न्हाई? दोन ठिगळाचं नेसून तुह्या टेबलापुढं आली असती तं तुलाच लाज वाटली असती." मग म्हणाली, "समद्या बायायनं मालकाच्या टेबलावरून चिठ्ठी घेतली. ती एकलीच तुह्याकडं आली."

मी तिचा हात धरला. "म्हणजे ती आमच्या माणसाला देणार होती? काकी, सांग ना."

तिने हात सोडवून घेतला. "ते मला काय ठाव? लेक बसली म्हून आली, का मत द्यायचं म्हून आली, ते तिचं तिला. तिनं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. मत इचारायचं असतंय व्हय?" आणि घागरीवर झाकण ठेवून ती हळदीकडे परत गेली.

गाडीत मी पोरीला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ती घाबरेल, म्हणेल ही गोष्ट आता बंदच करू. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हे तर अजून पोचेल. लोक आपल्यापासून का तुटले, ते यात आहे. आपण स्वतः कबूल करतोय. शेवटच्या सभेत हेच सांगा, मी व्हिडिओ करते." मी तिच्यावर इतकी ओरडले की ड्रायव्हरने गाडी हळू केली. तिचे डोळे भरून आले, आणि नंतर मलाच वाईट वाटलं, कारण ती चुकीचं काही बोलली नव्हती. खरंच पोचेल. शिरडच्या बाजारात उद्या ती सभा आहे. मी स्टेजवर रडेन, बाया रडतील. खोट्या मायने दोन घरं मिळवली, खरी माय दहा मिळवून देईल. माझ्या विद्यार्थिनीला त्या घरांची गरज आहे. पण मग मी तुला पुन्हा एकदा साऱ्या लोकांपुढे त्या टेबलाशी आणून उभं करणार, आणि या खेपेला मतासाठी. घरी येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडत होते. अजूनही भांडतेच आहे.

तुला कोणाचं मन वळवायचं असलं की तू काय करायचीस, ते मी आठवून बघितलं. व्यालेली मेंढी आपलंच कोकरू घेईना, लाथा मारू लागली, की तू तिच्या शेजारी बसून राहायचीस. तिला धरायचीस, पण दाबायची नाहीस. ऊन कलायचं, बा जेवायला हाका मारायचा, तू उठायची नाहीस, आणि कधीतरी ते कोकरू पिऊ लागायचं. हे आठवल्यावर माझा हात लगेच वहीकडे गेला, की शिबिरात सांगायला काय मस्त गोष्ट आहे. मग वही मिटली. बाया काय मेंढ्या आहेत का, असं तूच मला विचारलं असतंस, आणि वर आणखी दोन शब्द ऐकवले असतेस.

काल मी एकटीच गेले. शिरडपर्यंत एसटीने, पुढे ऑटोने, पत्रकं नाहीत, वही नाही. बायांमध्ये जाऊन बसले आणि हळद पुढे ओढली. कोणी काही विचारलं नाही. मेंढरामागची लेक, मला हळदीतलं कुठे काय कळतंय? काकी माझ्या ढिगातले चुकलेले गड्डे उचलून एक शब्द न बोलता दुसरीकडे टाकत होती. बाया आपापसात बोलत होत्या. एकीने नातीच्या बाळंतपणाची गोष्ट काढली, की पोर आडवं आलं होतं, औंढ्याला नेलं, आणि तिथली ती नर्सबाई, आता मत मागायला फिरते तीच, पोरीचा हात सोडून हलली नाही. "तोंडानं फटकळ हाय," दुसरी म्हणाली, "पर हाताची चांगली हाय." तिसरी म्हणाली, "निवडून आल्यावर ओळख दील का पण?" त्यावर चर्चा सुरू झाली. माय, मी तोंड उघडलं नाही. माझ्या जिभेवर चार मुद्दे, दोन उदाहरणं आणि एक घोषणा येऊन बसली होती. आयुष्यात एवढी मोठी संधी मी सोडल्याचं मला आठवत नाही. खोटं कशाला सांगू, त्या मोठेपणापेक्षा घशात कोंडलेल्या शब्दांची तकलीफच जास्त होत होती.

उठताना राहवलं नाहीच. "काकी, मतदानाला येशील का?"

काकीने हात झटकले. बायांकडे बघितलं. मग म्हणाली, "यीन. समद्या येतो. पर तू टेबलावर बसणार नसशील तं."

बाया हसल्या. त्यांच्यातल्या निम्म्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, पण ती गोष्ट त्यांना माहीत होती, हे त्या हसण्यावरून मला कळलं. म्हणजे परवा मी अनवाणी पाय आणि कोकरू सांगत होते तेव्हाही ती त्यांना माहीत होती. ज्या सुनेने दंडाने डोळे पुसले, ती नेमकी कशासाठी रडली, ते मला आता सांगता येणार नाही.

"आन मत कुणाला दिलं ते इचारायचं न्हाई," काकी म्हणाली. "आधी बी न्हाई, मागून बी न्हाई."

मी कबूल केलं.

आज सकाळी माझ्या विद्यार्थिनीला फोन करून सांगितलं, की उद्याच्या सभेत मी बोलणार नाही आणि मतदानाच्या दिवशी वाडीच्या टेबलावर बसणार नाही. तिथे चिठ्ठ्या लिहायला शांत डोक्याचं कोणीतरी बसव, येईल तिला चिठ्ठी द्यायची आणि तोंड बंद ठेवायचं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही नसाल तर वाडी येईल का?" मी म्हणाले, मी नसेन तरच येईल. मग तिने हळूच विचारलं, "पण मला देतील का?" मी म्हणाले, ते विचारायचं नाही. मागे तिचं धाकटं पोरगं काहीतरी मागत रडत होतं. नोकरी सोडून बसलेल्या बाईला हे उत्तर कसं पुरणार? मला आणखी काही धीराचं बोलायचं होतं, पण खरं असं काही सुचेना, म्हणून फोन ठेवला. त्यानंतर पुण्याच्या पोरीचे फोन सुरू झाले, म्हणून तो पालथा घातला.

आता तीन दिवस मी काय करू? शहरात मतदान नाही, तेव्हा माझं स्वतःचं मतही या निवडणुकीत नाही. त्या दिवशी घरात बसून राहायचं आहे, आणि बसणं मला तू शिकवलं नाहीस, किंवा शिकवलं असशील आणि माझं लक्ष नसेल. मघाशी वाटलं, तरी एवढं शहाणपण आलं, काकीला शब्द दिला, तो पाळीन, निकाल लागला तरी विचारणार नाही. स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशीही वाटली. पण जित्याची खोड, माय. तुझी माफी मागायची म्हणून लिहायला बसले होते. कागद संपत आला आणि ती अजून मागितली नाही, कारण परवापासून लाज वाटायच्या आधी दरवेळी मनात दुसरंच येतं. काकीला विचारून झालं, तिने सांगितलं नाही. आता तुलाच विचारते. त्या दिवशी तू आमच्याच माणसाला देणार होतीस ना?